आम्लाचा शेजार

७ ऑगस्ट २०१० च्या सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या दोन जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ नुकतीच न्हावा शेव्याहून निघाली होती आणि तिच्यावर बाराशेच्या आसपास कंटेनर होते. जहाज एका कुशीवर कलंडले, शेकडो कंटेनर समुद्रात पडले, टाक्यांतले इंधन तेल पाण्यावर पसरले. मुंबई आणि न्हावा शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. उरण-अलिबागच्या किनाऱ्यांवर, खारफुटीच्या मुळांवर तेलाचा काळा थर बसला. पावसाळी बंदी संपून होड्या पाण्यात उतरायच्या तोंडावर कोळीवाड्यांच्या मासळीला गिऱ्हाईक उरले नाही. त्या दिवसांत सगळ्यांचा प्रश्न एकच होता: पाण्यात पडलेल्या त्या पेट्यांत आहे तरी काय? तीसएक कंटेनरमध्ये कीटकनाशकांसारखा घातक माल असल्याचे जहाजाच्या कागदांवरून कळले. ती यादी हाताशी नसती, तर किनाऱ्याला लागलेल्या प्रत्येक पेटीजवळ जाणाऱ्याने जिवावर उदार होऊनच पुढे जायला हवे होते.

घातक मालाच्या अशा यादीतला एक प्रश्न वरवर पाहता फार तांत्रिक वाटतो. एखादे आम्ल नुसते क्षरणकारी आहे, म्हणजे कातडी, डोळे, लोखंड खाणारे आहे, की शिवाय ऑक्सिडीकारकही आहे, म्हणजे दुसऱ्या वस्तूला पेटवणारे, तिच्या आगीला स्वतःजवळचा ऑक्सिजन पुरवणारे आहे? रसायनशास्त्राच्या पुस्तकाने याचे उत्तर केव्हाच दिले आहे, आता फक्त लेबल चिकटवायचे बाकी आहे, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो अपुरा वाटतो. आम्लाचा हा गुण एकट्या आम्लाला पाहून ठरत नाही; ते कोणाच्या शेजारी आहे यावर तो ठरतो. हे पुस्तकापेक्षा गोद्यांनी, गोदामांनी आणि जहाजांनी माणसाला शिकवले, आणि ते शिक्षण महाग पडले.

पुस्तकाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण तिच्यातच गोंधळाचे मूळ आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लव्हाझिएने ऑक्सिजनला आम्लाचे मूळ मानले. त्याच्या हिशेबाने ऑक्सिजनवाचून आम्ल असूच शकत नव्हते, म्हणून प्रत्येक आम्लात थोडेफार ऑक्सिडीकरण गृहीतच होते. १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे आणि मिठापासून होणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा अंशही नसल्याचे दाखवले. तेव्हापासून दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. आम्लपणा हायड्रोजनकडे गेला आणि ऑक्सिडीकरणाची ताकद आम्लाच्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे. हायड्रोक्लोरिक आम्ल जस्त विरघळवते, पण तांब्याला हात लावत नाही. नायट्रिक आम्ल तांबे आणि चांदी दोन्ही खाते आणि खाताना तपकिरी धूर सोडते. प्रयोगशाळेतली परीक्षा म्हणजे हीच: तांब्याचा तुकडा टाका आणि धुराचा रंग बघा.

ही परीक्षा महाराष्ट्रात प्रयोगशाळेबाहेरही पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातले गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ बाजारांत पसरले, ते याच रसायनाच्या भरवशावर. जुन्या दागिन्याचे सोने शुद्ध करायचे, तर आधी त्यात मुद्दाम चांदी किंवा तांबे घालून सोन्याचा वाटा चौथ्या हिश्शावर आणायचा. मग तो धातू पातळ करून नायट्रिक आम्लात उकळायचा. भांड्यातून तपकिरी वाफ उठते, चांदी आणि तांबे द्रावणात जातात, आणि तळाशी मातकट रंगाची भुकटी उरते. आटवल्यावर तीच पिवळेधमक सोने होते. चांदी कमी पडली तर सोने तिला कवटाळून बसते आणि आम्ल आत शिरत नाही, हे या माणसांना कोणत्याही समीकरणाआधी ठाऊक होते. त्यांच्या हातात आम्लाच्या ऑक्सिडीकारक गुणाची अचूक परीक्षा होती. पण ती धातूसमोरची परीक्षा होती. लाकडासमोर, कापसासमोर, पेंढ्यासमोर तेच आम्ल कसे वागते याचे उत्तर तिच्यात नव्हते, आणि गलाईच्या भट्टीला त्याची फारशी गरजही नव्हती.

गरज पडली ती आम्ल मोठ्या प्रमाणात हलू लागल्यावर. आम्लाचा काचेचा मोठा बुधला वेताच्या किंवा पट्ट्यांच्या टोपलीत, भोवती पेंढा दाबून, बोटीवर किंवा वाघिणीत चढवायचा, ही जगभरची जुनी रीत होती. गंधकाम्ल सांडले तर पेंढा काळा पडे. त्यातले पाणी ओढून घेऊन हे आम्ल त्याचा कोळसा करते. तापते, धुमसते, पण सहसा तिथेच थांबते. नायट्रिक आम्ल सांडले की पेंढ्यातून धूर निघे आणि थोड्या वेळाने ज्योत. बुधला फुटू नये म्हणून भोवती भरलेली वस्तूच त्या आगीचे सरपण होई. आपल्याकडे गंधकाम्लाचा मोठा उद्योग उभा राहिला तो १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीच्या अंबरनाथच्या कारखान्यातून. पुढे याच कंपनीचा कारखाना रोह्यातही आला. स्वातंत्र्यानंतर १९६० च्या दशकात ट्रॉम्बेला खत कारखाना आला आणि खाडीच्या त्या काठावर नायट्रिक आम्ल मोठ्या प्रमाणात तयार होऊ लागले. १९८० च्या दशकात थळला अमोनिया-युरियाचा प्रकल्प झाला, तळोज्यात अमोनिया आणि त्यापाठोपाठ नायट्रिक आम्ल व अमोनियम नायट्रेट, आणि पाताळगंगा, रोहा-धाटाव, महाड इथल्या औद्योगिक वसाहती रसायनांनी भरल्या. २६ मे १९८९ ला न्हावा शेव्याचे बंदर सुरू झाले. त्या परिसरातल्या जमिनींसाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढताना जानेवारी १९८४ मध्ये पाच जण हुतात्मा झाले होते, हे इथे नोंदवायलाच हवे. ज्या गावांनी जमीन दिली, त्यांच्याच दारावरून हा सगळा माल आजही जातो-येतो.

शेजाराचा धडा मात्र या किनाऱ्याला त्याआधीच मिळाला होता. ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये बर्कनहेडहून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता. कराचीत काही माल उतरला आणि त्या जागी कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, तेलाची पिंपे, लाकूड असा माल चढला. दोन नंबरच्या हॅचमध्ये खाली कापूस होता आणि वर स्फोटके. १४ एप्रिलला दुपारी त्याच हॅचमधून धूर दिसला, बंब आले, पाणी सुरू झाले, आणि चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे मेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलपासून देशात अग्निशमन सप्ताह पाळला जातो.

इथे कोणी म्हणेल की त्या जहाजावर आम्ल नव्हतेच, मग हा दाखला इथे कशाला? आम्ल नव्हते हे खरे. माझा मुद्दा आम्लाचा नाही, मांडणीचा आहे. कापूस हा माल म्हणून निरुपद्रवी. मुंबईची गिरणगावी भरभराट त्याच्यावरच झाली. दारूगोळाही नियमाने हाताळला तर महासागर ओलांडून सुखरूप येतो, या जहाजावरचा आलाच होता. अनर्थ घडला तो दोघे एकावर एक रचल्यामुळे. प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र दाखला निर्दोष असूनही जहाज बुडू शकते, हे मुंबईच्या गोदीने ज्या किमतीला दाखवले, तेच तीन वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ ला, अमेरिकेतल्या टेक्सास सिटीत पुन्हा दिसले. तिथे ‘ग्रँडकँप’ जहाजावर अमोनियम नायट्रेट होते, म्हणजे नायट्रिक आम्लाचेच अपत्य, आणि ते भरले होते कागदी पोत्यांत. ऑक्सिजन देणारा आणि जळणारा दोघे एकाच हॅचमध्ये होते.

महायुद्धानंतरच्या नियमांना या अनुभवांची पार्श्वभूमी आहे. १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी घातक मालाच्या वाहतुकीसाठी तज्ज्ञांची समिती नेमली, १९५६ मध्ये तिच्या शिफारशींचे पहिले पुस्तक आले, १९६५ मध्ये सागरी वाहतुकीची संहिता स्वीकारली गेली आणि २००४ पासून ती बंधनकारक झाली. या व्यवस्थेत क्षरणकारी पदार्थ आठव्या वर्गात, ऑक्सिडीकारक ५.१ या वर्गात. एखादे आम्ल दोन्हीकडे बसत असेल तर त्यावर दोन चिन्हे. दुसरे चिन्ह शोभेचे नाही. संहितेच्या सर्वसाधारण तक्त्यानुसार आठव्या वर्गाचा माल आणि ज्वलनशील द्रव यांच्यामध्ये अंतर ठेवण्याची सक्ती नाही, ५.१ चे चिन्ह लागले की दोघांना वेगळे करावे लागते. न्हावा शेव्याच्या यार्डात कोणता कंटेनर कोणाशेजारी ठेवायचा हे या एका चिन्हावर बदलते.

मग ते चिन्ह द्यायचे कशावरून? इथे नियम करणाऱ्यांनी गलाईवाल्याची परीक्षा बाजूला ठेवली आणि गोदामाची परीक्षा उचलली. संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी-पुस्तिकेत द्रवांसाठी जी पद्धत आहे, तिच्यात आम्लासमोर धातू नसतोच. असतो सेल्युलोज, म्हणजे कापूस, कागद आणि लाकूड यांचा गाभा. वाळवलेल्या सेल्युलोजचा अडीच ग्रॅम बारीक तंतुमय चुरा आणि अडीच ग्रॅम द्रव, असा समसमान लगदा करून तो पोलादाच्या लहानशा दाबपात्रात घालतात. आत निकेल-क्रोमची बारीक तार असते. तिच्यातून दहा अँपियर प्रवाह सोडला की ती तापते, लगदा पेट घेतो आणि आतला दाब चढू लागतो. दाब ६९० किलोपास्कलपासून २,०७० किलोपास्कलपर्यंत जायला किती वेळ लागतो ते मोजायचे, पाच वेळा, आणि सरासरी काढायची. वेळ कमी म्हणजे आग जोमदार. पण किती कमी असला म्हणजे द्रव ऑक्सिडीकारक ठरतो? त्यासाठी तीन ओळखीचे द्रव त्याच पात्रात त्याच सेल्युलोजबरोबर जाळून बघतात: ५० टक्के परक्लोरिक आम्ल, ४० टक्के सोडियम क्लोरेटचे द्रावण आणि ६५ टक्के नायट्रिक आम्ल. पहिल्यापेक्षाही जलद, किंवा तार तापण्याआधीच आपोआप पेटणारा द्रव सर्वांत धोक्याच्या गटात. शेवटच्या, म्हणजे नायट्रिक आम्लाच्या तुलनेत हळू चालणारा, किंवा वरचा दाब गाठूच न शकणारा द्रव या वर्गाबाहेर. ज्या नायट्रिक आम्लाने पेंढा पेटवून माणसाला सावध केले, तेच आता उंबरठा झाले आहे. ६५ टक्क्यांखालच्या नायट्रिक आम्लावर एकच चिन्ह लागते, ६५ आणि त्यावर दोन.

यावर पहिला आक्षेप रसायनशास्त्राचाच येतो. विद्युत-विभवाचे तक्ते उपलब्ध असताना कापूस जाळून बघण्यात काय विज्ञान? उत्तर गंधकाम्लात आहे. तापलेले संहत गंधकाम्ल तांबे विरघळवते आणि सल्फर डायऑक्साइड सोडते, म्हणजे पुस्तकाच्या व्याख्येने ते ऑक्सिडीकारकच. तरीही वाहतुकीच्या यादीत ते फक्त आठव्या वर्गात आहे. सेल्युलोजबरोबर ते कोळसा करते, पण आगीला तसा जोर देत नाही. तक्ता फक्त हे सांगतो की अभिक्रिया शक्य आहे. ती किती वेगाने होईल, थंडीत अडून बसेल की उन्हात सुटेल, याबद्दल तो मुका आहे, आणि बंबवाल्याला नेमका वेगच हवा असतो. दोन्ही ज्ञाने खरी आहेत, पण त्यांना विचारलेले प्रश्न वेगळे आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी चिकटवले तर गंधकाम्लाबद्दल उगाच भीती वाढेल आणि जिथे भीती हवी तिथे ती पातळ होईल.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: ६५ हा आकडा आणला कुठून? ६४ टक्क्यांचे आम्ल सज्जन आणि ६६ चे दुर्जन, असे निसर्गात कुठे असते? निसर्गात नसते, हे मान्य. रेषा माणसाने आखली आहे. पण ती हवेत आखलेली नाही. प्लॅटिनमच्या जाळीवर अमोनिया जाळून आणि निघालेले वायू पाण्यात शोषून जे आम्ल थेट मिळते, ते साधारणतः साठ टक्क्यांच्या आसपास असते. ते उकळून आणखी संहत करत नेले तर ६८ टक्क्यांवर येऊन गाडी अडते. तिथे १२०-१२१ अंशांवर आम्ल आणि पाणी त्याच प्रमाणात एकत्र उडू लागतात. त्यापलीकडे जायला गंधकाम्लासारखा पाणी ओढणारा साथीदार लागतो. ९८ टक्क्यांचे आम्ल करायला त्यामुळे निराळी यंत्रणा उभारावी लागते. तळोज्यात पातळ आणि संहत अशी दोन्ही आम्ले होतात. म्हणजे ६५ ची रेषा ढोबळपणे तिथेच पडते, जिथे खताचे रोजचे आम्ल संपते आणि बाटलीतले व स्फोटक-रंग उद्योगांतले तेज आम्ल सुरू होते. व्यवहारात रेषा आखायचीच असेल, तर याहून बरी जागा सापडणे कठीण आहे.

त्या आक्षेपातला एक अंश मात्र मला खोडता येत नाही, आणि खोडूही नये. पातळ नायट्रिक आम्ल उघड्यावर पडले की आधी त्यातले पाणी जास्त प्रमाणात उडते आणि उरलेले आम्ल त्याच ६८ च्या दिशेने चढत जाते. कारखान्यातून साठ टक्क्यांचे म्हणून, एकाच चिन्हाने निघालेले आम्ल एप्रिल-मेच्या उन्हात लाकडी फळीवर झिरपून सुकत राहिले, तर काही वेळाने ते दुसऱ्या चिन्हाच्या हद्दीत शिरू शकते. लेबल भरतानाची स्थिती सांगते, सांडल्यानंतरची नाही. ५.१ चे चिन्ह नाही म्हणजे आगीची चिंता नाही, हा अर्थ त्यामुळे कोणीही काढता कामा नये. चाचणीने हद्द दाखवली आहे, अभय दिलेले नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: आम्ल म्हटले की लांब राहायचे, एवढे पुरेसे नाही का? मे २०२१ मध्ये ‘एक्स-प्रेस पर्ल’ने त्याचे उत्तर दिले. पाण्यात उतरून काही महिनेच झालेल्या या कंटेनर जहाजावर सुमारे २५ टन नायट्रिक आम्ल होते. एका कंटेनरमधून आम्ल गळत असल्याचे खलाशांच्या ध्यानात आले होते. कतारच्या हमद बंदराने आणि मग गुजरातच्या हजिऱ्याने तो कंटेनर उतरवून घ्यायला नकार दिला. हजिऱ्याहून कोलंबोकडे जाणारे जहाज आपला सगळा पश्चिम किनारा डाव्या हाताला ठेवत दक्षिणेला जाते. गळते आम्ल पोटात घेऊन ते कोकणासमोरूनच गेले. २० मे रोजी कोलंबोबाहेर नांगरलेले असताना त्यावर धूर दिसला, २५ ला स्फोट झाला, आणि जूनच्या सुरुवातीला जहाज बुडू लागले. प्लास्टिकच्या बारीक दाण्यांचा थर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पसरला. दोन्ही बंदरांनी केले ते ‘लांब राहा’ हेच. गळके आम्ल लांब ठेवण्याने शांत होत नाही. त्याला त्याच्या शेजाऱ्यांपासून सोडवावे लागते, आणि ते काम बंदरावरच होऊ शकते. न्हावा शेव्यासारख्या बंदरावर गळका कंटेनर उतरवून घेणारी जागा, माणसे आणि साधने सदैव तयार असणे हे त्यामुळे बंदराच्या क्षमतेइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे. ‘चित्रा’ने तेल सोडले, उद्या आणखी काही सुटू शकते.

आणि हे फक्त समुद्राचे नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार घातक रसायन वाहणाऱ्या टँकरवर पदार्थाचे नाव, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक आणि धोक्याचे चिन्ह असलेली पाटी लावणे सक्तीचे आहे. नायट्रिक आम्लाचा क्रमांक २०३१, गंधकाम्लाचा १८३०. मुंबई-गोवा महामार्गावर पेणजवळ किंवा महाडजवळ टँकर उलटला, तर सर्वांत आधी पोहोचतात ती आसपासच्या गावातली माणसे, आणि सांडलेले काहीही टिपायला हाताशी येते ते गोणपाट, लाकडाचा भुसा, भाताचा पेंढा. १८३० वर ते टाकले तर काळा चिखल होईल, हातपाय भाजतील. २०३१ वर टाकले तर दाबपात्रातला तोच लगदा रस्त्यावर तयार होईल, तोही अडीच ग्रॅमचा नव्हे. तिथे माती किंवा कोरडी वाळू हवी, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहून लांबून भरपूर पाणी हवे आणि तपकिरी धुरापासून तोंड वळवून माणसे मागे सरकवायला हवीत. तो धूर घेतलेल्या माणसाला त्या क्षणी बरे वाटले तरी काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकते, म्हणून त्याला दवाखान्यात न्यायलाच हवे. ग्रामपंचायतीच्या फलकावर हे दोन क्रमांक आणि त्यांच्यापुढे या चार ओळी लिहायला फारसा खर्च येत नाही. महामार्गालगतच्या आणि औद्योगिक वसाहतींभोवतीच्या प्रत्येक गावात त्या लिहिल्या जाव्यात, आणि पावसाळ्याआधी दरवर्षी अग्निशमन केंद्राच्या माणसाने गावात येऊन त्या समजावून सांगाव्यात.